खणातला लिफाफा

कुल्लट्रेस्क, ९ जानेवारी

मायलिस,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. आई गेल्यापासूनचं हे चौथं. दर वर्षी 'शुभ नाताळ' आणि खाली तुझं नाव, याउपर एक अक्षर नाही. मीही तेवढंच पाठवते, तेव्हा तक्रार करत नाही. आज लिहिते आहे तेही कामापुरतंच.

रविवारी गावाच्या सामाईक भट्टीघराची सभा झाली. एवाल्ड अजूनही किल्ली कमरेला लावून फिरतो आणि सभा असली की नुसता घसा खाकरण्यातच अर्धा तास घालवतो. या वेळी त्याने नवा नियम वाचून दाखवला. जे घर लागोपाठ दोन वसंत भट्टी पेटवणार नाही, त्याची पाळी काढून दुसऱ्या घराला देणार. वरच्या अंगाला एक जर्मन जोडपं राहायला आलंय, त्यांना पाळी हवी आहे. गेल्या वर्षी मी भाकरी केली नव्हती. म्हणजे नियम सगळ्या गावाला आणि नेम माझ्यावर.

मी म्हटलं, मार्चचा चौथा शनिवार पणजीच्या काळापासून आमच्या घराचा आहे आणि यंदा भट्टी पेटणार. तर एवाल्ड सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "एकटीने भट्टी होत नाही, इंगेगेर्ड. लाटायला एक लागते, भाजायला एक लागते. तुला एक बहीण होती ना?"

होती म्हणाला. मी म्हटलं, "आहे. लाटणं घेऊन गोथेनबर्गला पळालीय." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

तर आईचं खाचांचं लाटणं पाठवून दे. तुझ्या बैठकीच्या खोलीत ते भिंतीवर टांगलंय, हे मला तूवाने पाठवलेल्या फोटोत दिसलं. लेकीला रागावू नकोस, ती बिचारी मावशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती. भाकरी लाटायची वस्तू भिंतीवर टांगावी, हे शहरातच सुचतं. दफनाच्या दिवशी मी तुला चर्चच्या अंगणात चोर म्हटलं, ते सगळ्यांनी ऐकलं. तो शब्द मी मागे घेते आहे असं समजू नकोस. पण तो तिथे बोलायला नको होता, एवढं कबूल करते.

माझं बरं चाललंय. शाळेत मुलं कमी झालीत, स्वयंपाकघरातली पातेली मात्र होती तेवढीच जड आहेत.

इंगेगेर्ड

ता. क. कार्डावर एवढं मोठं अक्षर का काढलंस? पेन बदललंस का?


३१ जानेवारी

मायलिस,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. पण मी मोठी आहे, बाहेर उणे एकोणतीस आहे, बस सुरूच झाली नाही म्हणून शाळा बंद आहे. तेव्हा बसून लिहिते.

एक गोष्ट तुला माहीत नाही. गेली काही वर्षं मी दर सहा महिन्यांनी उमेओला जाते. शाळेत सांगते दातांसाठी. एवाल्डला वाटतं तिकडे माझं कोणी आहे आणि मी त्याला तसं वाटू देते. जाते ती रक्त द्यायला.

आई गेली त्या शरदात तिथल्या इस्पितळातल्या संशोधनवाल्यांचं आईच्या नावाने पत्र आलं. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना आमवात होता आणि स्वतः अजून धडधाकट आहेत, अशी माणसं त्यांना हवी होती. आमवात हा शब्द मी त्या पत्रात पहिल्यांदा नीट वाचला. आपल्या घरात त्याला 'आईचे हात' म्हणायचे, आणि आजी होती तेव्हा 'आजीचे हात'. कोणी काही विचारलं की आई बोटं ॲप्रनखाली घ्यायची आणि कॉफी ओतायला मला सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच आपल्या घरचा औषधोपचार.

मलाही आधी वाटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्या. पण अकरा वर्षं रोज सकाळी मी आईच्या झग्याची बटणं लावली होती, आणि ती गेल्यावर सकाळी सात वाजता माझ्या हातांना काही काम उरलं नव्हतं. म्हणून गेले.

तिथे शिरीन नावाची डॉक्टर आहे. आईबाप तेहरानचे, ही उमेओत वाढली, किनाऱ्याकडची बोली आपल्यापेक्षा ठसक्यात बोलते. पहिला निकाल सांगताना तिने आडपडदा ठेवला नाही. "तुझ्या आईच्या रक्तात जे होतं, ते तुझ्यात सापडलंय. तू आजारी नाहीस. आजारी होशीलच असंही नाही."

"मग मी आहे कोण?" मी विचारलं.

"धोक्यातली," ती म्हणाली.

सांगायला सोपा शब्द आहे. त्यात राहायला लागलं की कळतं. आजारी असते तर औषध मिळालं असतं, रजा मिळाली असती, एवाल्डने कुरकुरत का होईना लाकडं फोडून दिली असती. धड असते तर सगळं विसरून गेले असते. आपल्या घराला कसा बाहेरचा दरवाजा आणि आतला दरवाजा आहे, मध्ये बूट काढायची थंडगार चिंचोळी जागा? मी तिथे उभी आहे आणि दोन्ही दरवाजांना पलीकडून कडी आहे.

गेल्या खेपेला शिरीनने कागदावर चित्र काढून दाखवलं. आधी त्यांचा समज होता की रक्तात त्या खुणा दिसतात, बाकी सगळं शांत असतं, आणि मग एक दिवस सांधे पेटतात. आता ते माझ्यासारख्यांच्या रक्तातली एकेक पेशी वेगळी काढून बघतात, आणि शांत काहीच नाही असं निघालंय. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते. सप्टेंबरात मूस हरणांच्या शिकारीला एवाल्डची टोळी जशी आपापल्या ठाण्यावर बंदुका घेऊन बसते, तशा या राखणदार पेशी बसल्यात. एका जातीच्या पेशींनी आरडाओरडा करून बाकीच्यांना चिथवायला घेतलंय. दुसऱ्या जातीच्या, त्यांना मदत करणाऱ्या, नको तितक्या वाढल्यात. आणि ज्यांनी अजून जंगलही पाहिलेलं नाही, अगदी कोऱ्या, ज्यांनी निवांत असायला हवं, त्याही चापावर बोट ठेवून बसल्यात. हरीण कुठेच नाही. जंगलात माझ्या सांध्यांशिवाय कोणी नाही.

गोळी कधी सुटेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षांत, दहा वर्षांत, कदाचित कधीच नाही. तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पांघरुणात मूठ मिटून बघते. मिटली की मग उठते.

मध्ये एक वर्ष त्यांनी मला दर आठवड्याला पोटात सुई टोचायला दिली. त्यात औषध होतं की मिठाचं पाणी, ते मला माहीत नाही आणि तेव्हा शिरीनलाही माहीत नव्हतं. औषध असेल तर म्हणे आजार पुढे ढकलला जातो. पण ते सुजायच्या आधी घ्यावं लागतं. ती चाचणी आता बंद झाली.

हे सगळं मी आत्ताच का सांगते, असं तू विचारशील. त्यांनी मला बोलावलं तर तुला का नाही, असंही विचारशील. त्याचं नंतर बघू. तू लाटणं पाठव.

इंगेगेर्ड


१७ फेब्रुवारी

मायलिस,

लाटणं आलं. सोबत चिठ्ठी नव्हती, त्याचं मला काही वाटलं नाही.

पार्सल मात्र मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि कॉफी निवून गेली तरी बघत बसले. ते चिकटपट्टीने गुंडाळलं होतं. तू दोरीशिवाय कधी पार्सल बांधलं नाहीस. तुझ्या गाठी सोडवायला आईला दाभण लागायचं. नाटकघरात राजेराण्यांच्या पोशाखांना टाके घालण्यात जिची पंचवीस वर्षं गेली, तिने चिकटपट्टी लावली आणि तीही वाकडी. पत्ता तूवाच्या अक्षरात.

मग मी तुझी चारही कार्डं काढून ओळीने मांडली. पहिल्या दोन वर्षांचं अक्षर तुझंच, बारीक, गोल, शाळेत बाईंनी सगळ्यांना दाखवलेलं. तिसऱ्यात ते जरा ताठ झालंय. चौथ्यातलं अक्षर आईचं आहे. ती शेवटी शेवटी पेन दोन बोटांच्या बेचक्यात अडकवून लिहायची, तेव्हा तिची अक्षरं अशीच मोठी आणि सुटी सुटी पडायची.

मला घाबरायला झालंय. चार वर्षं मी फक्त माझ्यासाठी घाबरत होते, त्याची सवय झाली होती. हे निराळं आहे.

सकाळी उठल्यावर बटण लावायला किती वेळ लागतो? पाऊण तास हात गरम पाण्यात धरून बसावं लागतं का? कोणी हात मिळवला तर दुखतं का? शिरीन पहिल्यांदा तेच करते, बोटांच्या मुळाशी पंजा आडवा दाबते आणि तुमच्या तोंडाकडे बघते, हाताकडे नाही.

मला उत्तर देऊ नकोस. डॉक्टरकडे जा. पुढच्या महिन्यात नाही, हंगाम संपल्यावर नाही, याच आठवड्यात जा. मी शिरीनला फोन करून विचारलं, बहिणीचं म्हणून नाही, अशीच एक ओळखीची म्हणून. ती म्हणाली आईच्या काळासारखं आता राहिलेलं नाही, वेळेवर औषध सुरू केलं तर बोटं वाकत नाहीत. पण वेळेवर म्हणजे वेळेवर. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, ॲप्रनखाली हात घ्यायचे आणि हसायचं. तू तिकडे तेच करत असशील. कात्री चालत नाही म्हणून कापायचं काम दुसरीला देत असशील आणि डोळ्यांचं निमित्त सांगत असशील.

मी उगाच घाबरले असेन तर तसं कळव. खुशाल हस माझ्यावर.

इंगेगेर्ड


२० फेब्रुवारी

मायलिस,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. त्याच्या आधीच्या पत्रातही लिहिली नाही. आता माझा हात दगडाखाली सापडलाय. लिहिल्याशिवाय निघत नाही.

उमेओला पहिल्यांदा गेले, त्याच दिवशी शिरीनने मला एक लिफाफा दिला होता. पांढरा, लांबट. तिने विचारलं भावंडं किती, मी म्हटलं एक बहीण. तिने तुझं नाव विचारून लिफाफ्यावर लिहिलं. म्हणाली, "नातेवाइकांना आम्ही परस्पर लिहीत नाही, तसा नियम आहे. घरच्या माणसाने द्यायचा. तुझ्या बहिणीने ठरवायचं, यायचं की नाही."

तो लिफाफा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात आहे. सुतळी, मेणबत्त्यांची थोटकं आणि बाटल्यांची बुचं असतात त्या खणात. साडेतीन वर्षं तिथेच आहे. पुढच्या खेपेला शिरीनने विचारलं, बहिणीला दिलास का. मी म्हटलं, "दिला. तिला नको आहे." तिने ते कागदावर लिहून घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. इथे माणसाने नको म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, ते तुला माहीत आहे. मी त्याच भरवशावर खोटं बोलले.

का केलं, ते सांगते. आधी मी स्वतःला सांगायचे की रागाने केलं. रागाला कारण होतंच. आईची अंघोळ, आईचं खाणं, आईला पलंगावरून उठवणं हे सगळं इथे, आणि तू दर रविवारी फोनवरून सल्ले द्यायचीस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? दफनाला आलीस ती तीन दिवस, आणि न विचारता लाटणं बॅगेत भरून घेऊन गेलीस. मला वाटायचं, एकदा तरी तिने आपणहून फोन करावा, 'तू कशी आहेस' म्हणून विचारावं, की लगेच लिफाफा पाठवते. तू केला नाहीस. मी खण उघडायचे, सुतळी घ्यायचे आणि बंद करायचे.

पण ते खरं कारण नाही. माझा निकाल आला आणि मला कळलं की माझ्यात ते आहे. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अडीच तास मी एकाच गोष्टीचा विचार करत बसले. तू लिफाफा उघडशील, रक्त देशील आणि तुझ्यात काहीच निघणार नाही. आईला मी सांभाळलं, तू सुटलीस. आता आईचे हातही मला आणि तू पुन्हा सुटलीस. ते ऐकणं मला सहन झालं नसतं. तू धड निघशील, या भीतीने मी लिफाफा दिला नाही.

हे लिहून झालं. वाचून पाहिलं तर फाडून टाकेन, म्हणून वाचत नाही.

त्या वेळी सुईच्या चाचणीत जागा होत्या. तू आली असतीस तर तुलाही सुई मिळाली असती. औषध की पाणी, ते नशीब. पण नशीब तरी तुझं तू आजमावलं असतंस.

एवाल्ड आत्ता टपालाची गाडी गाठायला निघाला आहे. त्याच्या हाती देते.

इंगेगेर्ड


१२ मार्च

मायलिस,

काल तू फोन केलास आणि मी मूर्खासारखी हवापाण्याचं विचारत बसले. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मला सुचलं काय, तर तिकडे बर्फ वितळलं का. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

डॉक्टरकडे गेलीस, बरं केलंस. निकाल तू असा सांगितलास जसं कोणी गाडीची वेळ सांगावं. आमवात, दोन्ही हात, गोळ्या सुरू, दीड महिन्याने पुन्हा दाखवायचं. मी रडले ते तुला ऐकू आलं असेल. तू रडली नाहीस. म्हणालीस, "आता का रडतेस? तुला एकटीला नको होतं ना, झालं तुझ्या मनासारखं."

ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. मी उलट काही बोलणार नाही.

मी तुला फक्त विचारलं, बोटं पहिल्यांदा कधी सुजली? महिना सांग, निदान साल सांग. मला तुझा श्वास ऐकू येत होता आणि मागे तूवा भांडी लावत होती. मी का विचारते ते तुला कळलं होतं. लिफाफा माझ्या हातात पडण्याच्या आधीच सुजली असतील तर त्या लिफाफ्याने काही झालं नसतं आणि मी सुटते. नंतर सुजली असतील तर सुटत नाही. सगळं एका तारखेवर आलंय आणि ती तारीख फक्त तुला माहीत आहे.

तू म्हणालीस, "भट्टी पेटवून ठेव. आणि तो लिफाफा तिथे आण." आणि फोन ठेवलास.

दहा दिवस आहेत. रोज सकाळी मूठ मिटून बघायची सवय मोडली आहे, आता डोळे उघडायच्या आधी तो फोनच आठवतो. जवाचं पीठ आणलंय. बर्चची लाकडं एवाल्ड देतोय. तुझी खोली गरम करून ठेवते. राहणार नसशील तरी ठेवते.

इंगेगेर्ड


२९ मार्च

मायलिस,

तू जाऊन आठवडा झाला. शनिवारी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी मला ते लिहून काढू दे.

भट्टीघराच्या दारात एवाल्ड उभा होता, नेहमीप्रमाणे किल्ली फिरवत. तुला बघून म्हणाला, "काय गं, चोरीचा माल परत करायला आलीस?" मला वाटलं आता तू आल्या पावली परत जातेस. तू म्हणालीस, "नाही रे, उरलेला न्यायला आलेय. भट्टी नीट बांधलेली आहे ना, की उचलून नेऊ?" तो इतका हसला की त्याला खोकला लागला. गावाने चार वर्षं चघळलेला विषय तू एका वाक्यात संपवलास. मला ते कधी जमलं नसतं.

मग तू हातमोजे काढलेस. मी बघितलं नाही असं दाखवलं आणि सगळं बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं मुळाशी सुजलेली, तकतकीत. आईची अंगठी बोटात नव्हती, गळ्यातल्या साखळीत होती. लहानपणापासून लाटायची तू आणि भाजायची मी, पण तू काही न बोलता भिंतीवरची लांब काठी घेतलीस आणि भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस. मी लाटायला लागले. मला ते तुझ्यासारखं येत नाही. पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या. तू म्हणालीस, "आई बघत असेल तर डोळे मिटून घेतले असतील तिने." तुझं तोंड आगीकडे होतं आणि मला वाटतं तू हसत होतीस. उबेने तुझे हात सैल पडले होते, काठी फिरवताना दिसत होतं.

परातीतलं पीठ अर्धं संपल्यावर तू लिफाफा मागितलास. मी ॲप्रनच्या खिशातून काढून दिला. तू तो पिठाच्या हातांनी फाडलास, पत्र उभ्यानेच वाचलंस, शेवटची तारीखसुद्धा वाचलीस आणि घडी करून खिशात ठेवलंस. मला वाटत होतं भट्टीत टाकशील. टाकलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग तू सांगितलंस. "आईच्या दफनाच्या वेळीच बोटं सुजली होती. लाटणं नेलं ते त्यासाठीच. तू मला लाटायला बसवलं असतंस आणि माझे हात सगळ्यांना दिसले असते. लिफाफा मिळाला असता तरी काही फरक पडला नसता, इंगेगेर्ड. लाट आता, आग उतरतेय."

मी लाटलं. पिठात माझं काय काय पडलं ते तू बघितलंस. एवाल्डने चव घेऊन मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि पाळी आपल्या घराच्या नावावर ठेवली. रविवारी मी तुला बसवर सोडलं, घरी आले आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा रात्रभर गाढ झोपले.

सोमवारी भाकऱ्यांचा डबा फडताळात ठेवताना तुझी कार्डं हाताला लागली. दफनानंतरच्या पहिल्या नाताळचं कार्ड. दुसऱ्या नाताळचं कार्ड. बारीक, गोल, अक्षराला अक्षर धरून एका ओळीत चालणारं. सुजलेल्या हाताने असं अक्षर येत नाही. मी आईची तीस वर्षांची अक्षरं पाहिली आहेत, मला कोणी फसवू शकत नाही. तुझे हात तेव्हा धड होते. लिफाफा खणात पडल्यावरही निदान सव्वा वर्ष धड होते.

तू खोटं बोललीस. मला सोडवायला बोललीस. मी तुझ्याबद्दल जे खोटं बोलले त्याच्याशी हे ताडून पाहते आणि मला तोंड लपवायला जागा सापडत नाही. आधी वाटलं, कळलं नाही असं दाखवावं. तुझी मेहनत वाया कशाला घालवा. पण तसं केलं तर पुन्हा एक गोष्ट खणात गेली. म्हणून लिहिते. मला कळलंय. तरीही तू ते बोललीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

परवा उमेओला गेले आणि शिरीनला सगळं खरं सांगितलं. मग तिने जुना कागद काढला, 'नको आहे' लिहिलं होतं त्यावर रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. माझ्या पेशी अजून ठाण्यावर बसून आहेत, तशाच. आज सकाळी पुन्हा करून पाहिलं तर मूठ मिटायला थोडा वेळ लागला. दहा मिनिटं. थंडीने असेल, नसेलही. सोमवारी तिला फोन करून सांगणार आहे, दातांचं निमित्त नाही, शाळेतही खरं कारण सांगणार आहे.

आणि निघताना तिने मला एक लिफाफा दिला. नियम तोच आहे, परस्पर लिहीत नाहीत, घरच्या माणसाने द्यायचा. यावर तूवाचं नाव आहे. आता ती आजारी आईची धडधाकट मुलगी आहे, आपण दोघी होतो तशी. तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. सत्तावीस वर्षांची पोर, तिला आत्तापासून कशाला त्या दोन दरवाजांच्या मध्ये उभं करायचं? बाजूला काढून ठेवू, नंतर देऊ, परीक्षा झाल्यावर, लग्न झाल्यावर. मी यातलं एकेक कारण ओळखते, माझ्या खणात ती सगळी होती.

लिफाफा याच पत्रासोबत आहे. मी तो कुठल्याच खणात ठेवला नाही, दोन दिवस कोटाच्या खिशातच होता, बसथांब्याजवळच्या दुकानात बसून हे लिहिते आहे आणि इथूनच टाकते आहे. द्यायचा की नाही ते तुझ्या हातात. फक्त खणात ठेवू नकोस.

तुझी,
इंगेगेर्ड